कॉर्नरजवळची बायकांची रांग: डिचोली तालुक्यातल्या एका क्लबचे प्रेक्षक कसे गेले आणि किती परतले

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातलं हे गाव साधारण २१० घरांचं. वाडे चार: वरचा वाडा, देऊळवाडा, नदीकाठचा वाडा आणि कपेलाकडचा, म्हणजे छोट्या चर्चजवळचा वाडा. क्लब आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत, आकडे ढोबळ ठेवले आहेत.

क्लबचा जन्म आंतरवाडा स्पर्धेतून झाला. भाताची कापणी आटोपली की मधल्या मेरा, म्हणजे बांध मोडून शेतात मैदान आखायचं आणि जत्रेनंतर वाड्या-वाड्यांत सामने लावायचे, ही पद्धत गोव्यात गावोगाव आहे. या गावचं मैदान ८४ मीटर लांब भरतं. नियमाप्रमाणे किमान ९० लागतात, त्यामुळे लीगचा सामना तिथे कधीच होऊ शकला नाही. लीग खेळायची तर गोवा फुटबॉल असोसिएशन सांगेल त्या मैदानावर जायचं. कधी म्हापशाचं धुळेर, कधी त्याहून लांब. म्हणून या क्लबच्या प्रेक्षकांची मोजणी तिकिटांवर होत नाही. गावातून किती मिनीबस सुटल्या, त्यावर होते. लीगच्या खालच्या विभागात असताना रविवारच्या सामन्याला तीन बस भरून जात, मागून दुचाकी निघत त्या वेगळ्या.

गोव्यात क्लबाचा चाहता कसा तयार होतो, हे इथे थोडं सांगायला हवं. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला. तिथून तो चर्चच्या शाळांतून आणि गावांतून पसरला. पुढे मोठे क्लब उभे राहिले ते उद्योगघराण्यांच्या बळावर. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावं खाणधंद्याची आणि जर्सीचीही. चर्चिल ब्रदर्सच्या तर नावातच भावंडं आहेत. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. ज्या घरातला मुलगा धेंपोकडून खेळतो ते घर धेंपोचं, त्याच्या आत्याचं सासरही धेंपोचं. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलमध्ये उभे असताना कितीतरी ताळगावकरांना वास्कोचा क्लब आपला वाटायचा, तोही याच हिशेबाने.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. डिचोलीतल्या, खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या मालकांचे हात आखडले, आणि गावच्या क्लबांचे देणगीदार बहुतेक तेच होते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधला एफसी गोवा हा क्लब आला. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी देशपातळीवरच्या आय-लीगमधून अंग काढून घेतलं. गावातली तरुण मंडळी एफसी गोवाची केशरी जर्सी घालून फातोर्ड्याच्या स्टेडियमला जाऊ लागली. तरीही गावच्या क्लबच्या तीन बस भरत राहिल्या, कारण त्या अकरांत नऊ जण गावचे होते.

समस्या

क्लब वरच्या विभागात चढला, आणि समितीने ठरवलं की या पातळीला गावची पोरं पुरी पडायची नाहीत. नवा प्रशिक्षक आला. बाहेरचे सात खेळाडू घेतले: केरळचे तीन, मणिपूरचे तीन, कोलकात्याचा एक गोलकीपर. गावात दोन घरं भाड्याने घेतली, जेवणाची सोय लावली. भाडं, जेवण आणि सामन्यामागचा मेहनताना यांत वर्षाच्या खर्चाचा अर्ध्याहून मोठा वाटा गेला.

मैदानावर फळ दिसलं. पहिल्याच हंगामात संघ चौथा आला, गावाच्या इतिहासात इतका वर कधीच गेला नव्हता. बस मात्र पाचव्या सामन्यापर्यंत तीनवरून एकावर आल्या आणि शेवटच्या दोन सामन्यांना तीही अर्धी रिकामी होती. जत्रेच्या रात्री देवळासमोर पावणी, म्हणजे लिलाव होतो, त्यात दरवर्षी क्लबसाठी एक नारळ चढ्या बोलीने जाई. त्या वर्षी बोली दोन हातांवरच थांबली.

समितीने यावर तीन कारणं काढली: सामने आठवड्याच्या मधल्या वारी चार वाजता लागतात, लोक मोबाइलवर युरोपचं फुटबॉल बघतात, आणि एफसी गोवाने पोरं पळवली. तिन्ही खरी आहेत. पण तिन्ही आदल्या वर्षीही होती आणि तेव्हा बस भरत होत्या. हे बोलून दाखवलं खजिनदारांनी, आणि तिथून मोजणीचं काम सुरू झालं.

मोजणी

चार वाड्यांतले चार कार्यकर्ते, दोन रविवार, १४० घरं. प्रश्न काय विचारायचा हे आधी नीट ठरवलं, आणि सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत चांगला जमला. ‘सामन्याला का येत नाही?’ असं विचारलं तर गोव्यातलं कुठलंही घर ‘वेळ कुठे मिळतो’ म्हणतं आणि चहा पुढे करतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारल्या: शेवटचा सामना कुठला पाहिला, कोणाबरोबर गेलात, आणि त्या दिवशी तुमच्या ओळखीतलं कोण खेळत होतं.

१४० पैकी ११८ घरांनी उत्तरात एका खेळाडूचं नाव घेतलं. क्लबसाठी म्हणून जातो, असं सांगणारी घरं डझनभर. बाकीच्यांनी हात झटकले. नावामागचं नातं लिहून घेतलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सुरुवातीच्या अकरात असलेला गावचा एक खेळाडू साधारण १५ ते २० माणसं ओढतो. तो राखीव बाकावर असला तर निम्मी येतात. सामन्याच्या अठरा जणांच्या यादीतच नसला तर कोणी येत नाही. आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती: दोन चुलतभाऊ संघात असले म्हणून गर्दी दुप्पट होत नाही, कारण भावकी एकच. आधीच्या संघातल्या नऊ जणांनी तीन बस भरल्या त्या आकड्याच्या जोरावर नव्हेत. ते नऊ जण चारही वाड्यांत विखुरलेले होते म्हणून भरल्या.

सर्वांत मोठी गळती नदीकाठच्या वाड्यात होती. जुना गोलकीपर त्या वाड्यातला. त्याची आई देऊळवाड्यातली, बायको शेजारच्या गावची. म्हणजे एका माणसामागे तीन जाळी. त्याच्या वाड्याच्या बायका सामन्याला स्टीलचे डबे घेऊन येत आणि तो ज्या टोकाला उभा असेल तिकडच्या कॉर्नरजवळ रांगेत बसत. हाफटाइमला संघ बाजू बदलत, तसं या बायकाही चपला हातात घेऊन मैदानाच्या कडेने चालत दुसऱ्या टोकाला जात. डबे, चटई, कडेवरचं पोर, सगळं घेऊन. सामना संपला की त्याच डब्यांतली पातळभाजी आणि पाव दोन्ही संघांना मिळत. कोलकात्याचा कीपर आल्यावर ही रांग दोन सामन्यांत नाहीशी झाली. सचिवांनी जुन्या कीपरच्या आत्याला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अरे बाबू, आमचा पोरगा नाही, तर आम्ही बघायचं कोणाला?’

जुन्या कीपरला काढलं ते खेळाच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं. उंच चेंडूंवर तो कच्चा होता. चूक झाली ती सांगण्याच्या रीतीत. त्याला व्हॉट्सअॅप गटावरच्या अठरांच्या यादीतून कळलं. त्याच्या घरी कोणी गेलं नाही.

पर्याय

समितीपुढे चार वाटा होत्या.

पहिली, आहे तेच चालवायचं आणि प्रेक्षक बाहेरून गोळा करायचे: जर्सी विकायच्या, समाजमाध्यमांवर जाहिरात, म्हापशातली पोरं ओढायची. प्रशिक्षकाचा कल इकडे होता. खजिनदारांनी विरोध केला, कारण पहिल्या दिवसापासून खर्च आणि उत्पन्नाची हमी शून्य. शिवाय म्हापशातल्या पोरांना त्यांच्या-त्यांच्या वाड्याचा क्लब असतोच.

दुसरी, सगळे बाहेरचे सोडायचे आणि फक्त गावचे खेळवायचे. जुन्या मंडळींना हे प्रिय. पण या विभागात संघ टिकला नसता आणि खाली घसरलेला संघ बघायला भावकीही फार दिवस येत नाही.

तिसरी, शेजारच्या गावच्या क्लबबरोबर विलीन व्हायचं. खर्च वाटला गेला असता, मैदान त्यांचं लांबीला पुरेसं. जत्रेतल्या एका जुन्या तंट्यामुळे दोन्ही गावांतली वडीलधारी मंडळी यावर बोलायलाही तयार नव्हती, आणि पंधरा मिनिटांत विषय संपला. समितीत पंधरा सदस्य, सगळे पुरुष. या गावातल्या कित्येक सुनांचं माहेर शेजारच्याच गावात आहे. मैदानावर भाऊ एका बाजूला आणि दीर दुसऱ्या बाजूला, असं त्या वर्षानुवर्षं बघत आल्या आहेत. त्यांचं मत त्या बैठकीत कोणी विचारलं नाही.

चौथी वाट मधली: बाहेरचे चार, गावचे किमान दहा, अठरांच्या यादीत. मत पडलं ते हिला.

निर्णय आणि कृती

मधली वाट म्हणायला सोपी. पण ‘गावचा’ कोण, हे ठरवायलाच तीन बैठका गेल्या. गोव्याच्या आंतरगाव स्पर्धांत हा वाद नेहमीचा. मतदार ओळखपत्र, जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, कधी पासपोर्टसुद्धा टेबलावर येतो आणि सामना अर्धा तास थांबतो. क्लबने तीन दारं ठेवली. वडिलांचं घर गावात आहे तो गावचा. आजोळ गावात आहे तोही गावचा. गावच्या शाळेत पाच वर्षं शिकला तो भाडेकरूचा मुलगा असला तरी गावचा. जावयाचा प्रश्न पुढे ढकलला, कारण वरच्या वाड्याचा एक जावई उत्तम डावा बचावपटू होता आणि इतर वाड्यांना ही पळवाट वाटली.

आजोळाचं दार उघडलं तो या प्रकरणातला सर्वांत फलदायी निर्णय. भाचे मिळाले. पर्वरी आणि फोंड्याला राहणारे तिघे चांगले खेळाडू आईच्या माहेरच्या जोरावर संघात आले आणि प्रत्येकामागून मामाचं अख्खं घर आलं. भाच्याचा सामना बघायला मामा कामावरून लवकर सुटतो, स्वतःच्या मुलासाठी सुटेलच असं नाही.

अट अठरांच्या यादीवर ठेवली. मैदानातले अकरा प्रशिक्षक निवडणार, हे लिहून दिलं. ज्याचा जवळचा नातेवाईक संघात आहे त्या सदस्याने निवडीवरच्या चर्चेत खोलीबाहेर बसायचं, असाही नियम केला. तो पाळताना पहिल्या महिन्यात खोलीत पंधरापैकी सहाच उरले, हे मुद्दाम नोंदवायला हवं. गावच्या क्लबमध्ये नियम लिहिताना नाती मोजून घेतली नाहीत तर गणपूर्तीच होत नाही. मग नियम आई-वडील, मुलं, सख्खे भाऊ आणि सख्खे काका-मामा इथपर्यंत आखडता घेतला.

बसचं काम सचिवांकडून काढलं. प्रत्येक वाड्याला एक बसप्रमुख. तो घरांची यादी ठेवतो आणि जागा घराच्या नावाने राखतो, माणसाच्या नावाने नव्हे. ‘तुमच्या घराच्या तीन जागा’ असं सांगितलं की आजोबा नाही आले तर नात येते. जागा रिकामी जात नाही. चार बसप्रमुखांपैकी दोन बायका निघाल्या आणि त्यांच्याच बस आधी भरायच्या.

बाहेरच्या चौघांना एकेका वाड्यात एक घर जोडून दिलं. रविवारचं जेवण त्या घरी, आणि चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं आमंत्रणही त्याच घरचं. हे धर्मादाय काम नव्हतं. मोजणीने सांगितलं होतं की लोक नात्यासाठी येतात, तर ज्याला गावात नातं नाही त्याला ते मिळवून द्यायचं. मणिपूरचा एक मध्यरक्षक देऊळवाड्यात जोडला गेला. चवथीला त्याने गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला हात दिला, घरातल्या दोन पोरांना चेंडू डाव्या पायाने थांबवायला शिकवलं. हंगामाच्या मध्यावर देऊळवाड्याच्या बसमध्ये त्याचं नाव गावच्या पोरांसारखंच घेतलं जाऊ लागलं. केरळच्या एका खेळाडूच्या बाबतीत मात्र हे फसलं. त्याला जोडलेल्या घरी शाकाहार, त्याला रोज मासळी हवी. दोन रविवारांनंतर तो जाईनासा झाला. कपेलाकडच्या वाड्यातलं घर त्याला शोभलं असतं. जोड्या लावताना जेवण काय चालतं, हा पहिला प्रश्न हवा होता.

शनिवारी सकाळी तेरा वर्षांखालच्यांचा वर्ग सुरू झाला, त्याच ८४ मीटरच्या शेतात. २४ मुलं, १० चेंडू, जुन्या खेळाडूंपैकी दोघे शिकवायला. लीगच्या सामन्याला मुलांची वेगळी बस, आणि प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस सक्तीचं. सुरक्षेसाठी केलेली अट प्रेक्षक वाढवून गेली.

वेळापत्रकाचं काम कंटाळवाणं, पण त्याने फरक पडला. गावच्या जत्रा, काला, सप्ताह, कपेलाचं फेस्त आणि मोठी लग्नं एका कागदावर मांडली आणि हंगामाआधीच असोसिएशनला पत्र दिलं. सगळ्या तारखा बदलून मिळाल्या नाहीत, दोन मिळाल्या. ज्या दिवशी एफसी गोवाचा फातोर्ड्याला सामना, त्या दिवशी भांडायचं सोडून क्लबनेच तिकडे बस काढली. जाता-येता गावच्या पुढच्या सामन्याच्या जागा भरून घेतल्या.

परिणाम

पुढच्या हंगामात संघ मधोमध राहिला. आदल्या वर्षीच्या चौथ्या क्रमांकापेक्षा खाली, घसरणीपासून सुरक्षित अंतरावर. प्रशिक्षक नाराज होते आणि त्यांची नाराजी रास्त होती. दोन सामने त्यांनी उघडपणे कमी अनुभवी कीपरमुळे गमावले.

बस एकावरून दोनवर आल्या, मुलांची तिसरी. पावणीत क्लबच्या नारळावर पुन्हा पाच-सहा हात उठले. ट्रकमालकांची जागा कोणी एकाने घेतली नाही. त्याऐवजी पाचशे-हजाराच्या लहान देणग्या वाढल्या, त्यांतल्या कित्येक आखातातून आणि बोटींवरून. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा माणूस घरापासून नऊ-नऊ महिने लांब असतो. त्याला आपल्या पुतण्याचा सामना व्हिडिओ कॉलवर दिसला की तो पैसे पाठवतो. बसप्रमुखांना मोबाइल धरून उभं राहायला सांगणं हा साधा उपाय कोणाच्या तरी भाच्याने सुचवला, तो चालला.

भांडणंही झाली. वरच्या वाड्यातले एक गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक वाड्याच्या पोराला किती मिनिटं मिळाली हे लिहीत आणि सोमवारी सचिवांच्या दुकानात ती वही उघडत. त्यांच्या मुलाला चार सामन्यांत मिळून ३१ मिनिटं मिळाली होती. पाण्याच्या बाटल्या नेणारा टेम्पो त्यांचाच, तो त्यांनी बंद केला. नातं जसं माणसं आणतं तसं ते हिशेबही मागतं. या वेळी प्रशिक्षक स्वतः त्यांच्या घरी गेले, मुलाला कुठे सुधारायचं ते बापासमोर सांगितलं. टेम्पो तीन आठवड्यांनी परतला.

नदीकाठचा वाडा पूर्ण परतला नाही. जुना गोलकीपर बायकोच्या गावच्या क्लबकडून खेळू लागला, तोच शेजारचा क्लब ज्याच्याशी विलीनीकरण नाकारलं होतं. दुसऱ्या गावाने जावयाला दार उघडलं. पंधरा-वीस माणसं आता त्याच्यामागे तिकडे जातात, त्यात आत्याही.

वेगळं काय करता आलं असतं

संघात मोठा बदल करण्याआधी नात्यांचा नकाशा काढायला हवा होता. काम दोन रविवारांचं, कागद आणि पेन्सिल पुरते. कोणाला काढलं तर कुठला वाडा सुटतो हे आधी कळलं असतं, तर गोलकीपरला राखीव म्हणून ठेवून, लहान मुलांच्या कीपरांना शिकवायचं काम देऊन हा वाडा राखता आला असता. शिकवण्यात तो चांगला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

सात बाहेरचे एका हंगामात आणणं घाईचं झालं. पहिल्या वर्षी तिघे, तेही ज्या जागांना गावात पर्यायच नाही तिथे. गोलमध्ये पर्याय होता, अपुरा असला तरी.

जावयाचा प्रश्न ढकलायला नको होता. गावाने तो ढकलला आणि शेजाऱ्यांनी सोडवून टाकला. पुढच्या वर्षी समितीने जावयांना परवानगी दिली, पण तोवर डावा बचावपटूही दुसरीकडे गेला होता.

विलीनीकरणाचा प्रस्ताव नाकारणं चूक होतं की बरोबर, यावर क्लबमध्ये आजही दोन तट आहेत. पण पंधरा मिनिटांत, बायकांना न विचारता नाकारणं चूकच होतं. बस कोण भरतं हे त्यानंतर सर्वांनी पाहिलं. आता समितीत तीन बायका आहेत, त्यातल्या दोघींचं माहेर शेजारच्या गावात.

तेरा वर्षांखालच्यांत जुन्या गोलकीपरचा भाचा येतो. नदीकाठच्या वाड्यातून येणारा तो एकटाच. त्याला मामासारखं गोलमध्ये उभं राहायचंय. पाय चांगला चालतो म्हणून शिकवणाऱ्यांना तो बचावात हवाय, आणि ते अजून ठरलेलं नाही. गेल्या दोन शनिवारी त्याला सोडायला तीच आत्या आली होती. डबा होता, चटई नव्हती.